सूर, भावना आणि ऐकणाऱ्याची जागा

संगीताला जात नसते, धर्म नसतो, भाषा नसते. ते थेट हृदयाला भिडते, असे एक विधान आपल्याकडे व्यासपीठावरून वारंवार केले जाते. मैफलीच्या प्रास्ताविकात ते असते, शाळेच्या स्नेहसंमेलनात असते, आणि परिवर्तनाच्या चळवळीत काम करणारे आपले मित्रही ते फारसा विचार न करता उचलतात. विधान गोड आहे. त्यात तथ्यही आहे. परंतु ते अर्धेच तथ्य आहे, आणि उरलेले अर्धे झाकून ठेवण्यात ज्यांची सोय असते त्यांच्या ते फार उपयोगी पडते. संगीत भावना व्यक्त करते म्हणजे नेमके काय करते, एका माणसाची भावना सुराच्या वाटेने दुसऱ्यापर्यंत किती पोहोचते आणि कोठे अडते, हे एकदा नीट तपासून पाहिले पाहिजे.

प्रारंभी एक परका दाखला घेऊ. तो परका असला तरी आपल्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. फ्रेडरिक डग्लस हा अमेरिकेत गुलामीत जन्मलेला आणि तेथून निसटून मुक्त झालेला कृष्णवर्णीय. त्याचे आत्मकथन १८४५ साली प्रसिद्ध झाले. मळ्यावरचे गुलाम महिन्याचा शिधा आणण्यासाठी मालकाच्या मुख्य वाड्याकडे निघत तेव्हा वाटेतले रान त्यांच्या गाण्याने दुमदुमून जाई, असे तो सांगतो. पुढे उत्तरेकडे आल्यावर त्याला अशी सुशिक्षित माणसे भेटली, की जी गुलामांचे हे गाणे त्यांच्या सुखीपणाचा पुरावा मानीत होती. डग्लस थक्क झाला. गुलाम सर्वांत अधिक दुःखी असतो तेव्हाच तो सर्वांत अधिक गातो, असे त्याने बजावून सांगितले. आणि त्याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट नोंदवतो, जी मला अधिक मोलाची वाटते. गुलामीत असताना त्या गाण्यांचा खोल अर्थ आपल्यालाही कळत नव्हता, कारण आपण त्या वर्तुळाच्या आत होतो, असे तो म्हणतो.

गाणे तेच. सूर तोच. उत्तरेकडच्या माणसाला त्यात सुख ऐकू आले, गाणाऱ्याच्या छातीत दुःख होते. मग हृदयाला थेट भिडले ते काय?

येथे प्रथम त्या अर्ध्या तथ्याचा न्याय केला पाहिजे. सुरातून काहीतरी खरोखरच पोहोचते. माणूस दुःखात बोलतो तेव्हा त्याचा आवाज मंद होतो, खाली येतो, शब्दांमधले अंतर वाढते, वाक्याचा शेवट गळून पडतो. रागात आवाज चढतो, खरखरीत होतो, शब्द आदळतात. आनंदात गती वाढते, आवाज उंच आणि उजळ होतो. हे शरीराचे काम आहे. श्वास, घशाचे स्नायू, छातीचा ठोका यांच्यावर भावनेचा जो ताण पडतो तो आवाजात उमटतो. हर्बर्ट स्पेन्सरने १८५७ साली संगीताचा उगमच या भावनाभरल्या बोलण्यात शोधला होता. तो उगम तेथे आहे की नाही हा वाद सोडून देऊ. पण बोलणाऱ्याच्या आवाजातली आणि गाण्या-वाजवण्यातली भावना यांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ साली युस्लिन आणि लाउक्का या दोन संशोधकांनी घेतला, तेव्हा दोन्हीकडच्या खुणा बव्हंशी सारख्याच असल्याचे दिसून आले. सारंगीवाला किंवा सनईवाला शब्द उच्चारत नाही. पण रडणाऱ्या गळ्याची चाल तो वाद्यावर उतरवतो, आणि आपल्या गळ्याला ती ओळखीची वाटते.

ही ओळख सीमाही ओलांडते. उत्तर कॅमेरूनच्या डोंगराळ भागात माफा नावाचे लोक राहतात. पाश्चात्त्य संगीत ज्यांनी कधी ऐकलेलेच नव्हते अशा माफा माणसांना युरोपीय पद्धतीचे पियानोवादन ऐकवण्यात आले, आणि त्यातला आनंद, दुःख व भय त्यांनी अंदाजापेक्षा अधिक वेळा बरोबर ओळखले. हा अभ्यास २००९ चा. त्याआधी १९९९ साली कॅनडात हिंदुस्थानी रागांवर असाच प्रयोग झाला होता. आपल्या संगीताशी परिचय नसलेल्या श्रोत्यांना वेगवेगळ्या भावांचे म्हणून निवडलेले राग ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना ओळखता आले. शांत मात्र ओळखता आला नाही. भारतीय काव्यशास्त्रात अभिनवगुप्ताने ज्याला सर्व रसांच्या वर बसवले तो शांत रसच नेमका अनोळखी कानाला लागू नये, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. राग आणि रडे शरीर शिकवते. शांती मात्र कोणीतरी शिकवावी लागते, आणि ती शिकायला फुरसत लागते.

आता दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. एदुआर्द हान्स्लिक हा व्हिएन्नाचा संगीतसमीक्षक. १८५४ साली त्याने एक छोटे पुस्तक लिहून मोठी खळबळ उडवली. त्याचे म्हणणे असे, की संगीत भावनेची केवळ चाल दाखवू शकते : उसळणे, ओसरणे, धावणे, अडखळणे, जोर येणे, जोर सरणे. ती भावना कोणती, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. त्याने ग्लुक या संगीतकाराच्या ऑपेरातले एक प्रसिद्ध गाणे पुराव्याला घेतले. नायक पत्नीला गमावल्याबद्दल शोक करतो असे ते गाणे. त्यातले शब्द उलटे करून ती सापडल्याचा आनंद घातला तरी चाल तितकीच शोभेल, या आधीच्या एका टीकाकाराच्या शेऱ्याचा त्याने आधार घेतला. हान्स्लिकला यातून शुद्ध सौंदर्याचा पुरस्कार करायचा होता, संगीताला जीवनापासून सोडवायचे होते. तो त्याचा हेतू आपल्या कामाचा नाही. पण त्याचे निरीक्षण पक्के आहे. क्रोध हा केवळ वेग आणि जोर नसतो. क्रोध कोणावर तरी असतो, कशासाठी तरी असतो. दुःख कोणाचे तरी, कशामुळे तरी असते. ‘कसे’ हे सूर सांगतो. ‘कोणावर’ आणि ‘कशामुळे’ हे सूर एकट्याने सांगू शकत नाही. ते शब्दांतून, प्रसंगातून आणि गाणारा-ऐकणारा यांच्या सामाईक जगण्यातून यावे लागते. उत्तरेकडच्या त्या माणसांजवळ मळ्याचे जगणे नव्हते. जोर त्यांना ऐकू आला, कारण ऐकू आले नाही.

आपल्याकडच्या शास्त्राने या प्रश्नाला काय उत्तर दिले? भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांची रसांवर सरळ वाटणी आहे. मध्यम-पंचम हास्य आणि शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र आणि अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स आणि भयानकाला. पुढे रागांना रस आले, प्रहर आले. विसाव्या शतकाच्या आरंभी भातखंड्यांनी रागांच्या वेळांची व्यवस्था ग्रंथबद्ध केली आणि ती विद्यालयांत शिकवली जाऊ लागली. जणू करुणा गांधारातच भरून ठेवली आहे आणि पहाट ऋषभातच उगवते! कर्नाटक संगीतात रागांचे प्रहर इतक्या कटाक्षाने पाळत नाहीत, आणि तेथील श्रोत्याला त्यावाचून काही अडत नाही. म्हणजे ही संकेतांची व्यवस्था आहे. संकेत वाईट नसतात. भाषाही संकेतांचीच असते. पण संकेताला निसर्ग म्हणू लागले, की ज्याला तो संकेत ठाऊक नाही तो अरसिक ठरतो, आणि ज्याचे स्वतःचे वेगळे संकेत आहेत त्याचे संगीत ‘गोंगाट’ ठरते.

नाट्यशास्त्राविषयी एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. शूद्रांना वेद ऐकवता येत नाहीत म्हणून सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद निर्माण केला, असे या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात सांगितले आहे. त्यावर आपली विद्वान मंडळी फार भरभरून लिहितात. त्याच ग्रंथाच्या शेवटी मात्र, ऋषींची टवाळी करणारे प्रयोग केले म्हणून भरताच्या पुत्रांना शूद्र होण्याचा शाप मिळाल्याची कथा आहे. त्याविषयी तितक्या उत्साहाने लिहिलेले आढळत नाही.

रसिद्धान्ताची खरी अडचण आणखी पुढे आहे. रसाचा आस्वाद घेणारा ‘सहृदय’ असावा लागतो आणि आस्वादाच्या क्षणी भावनेचे साधारणीकरण व्हावे लागते. म्हणजे दुःख माझे नाही, तुझे नाही, कोणाचेच नाही, असे झाले की त्यातून आनंद मिळतो. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी करताना आनंदवादी समीक्षेला जो आक्षेप घेतला तो साहित्यापुरता होता. संगीताला तो अधिकच लागू पडतो. दुःख कोणाचेच नाही असे व्हायला सुरासारखे दुसरे साधन नाही. शब्द निदान चिकटून राहतात, सूर मात्र सहज सुटतो. म्हणूनच ज्यांच्या दुःखाला धनी आहे आणि कारणही आहे, त्यांनी संगीताशी कसा व्यवहार केला हे पाहणे उद्बोधक ठरते.

हलगी घ्या. लाकडी किंवा लोखंडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत लवलवती बारीक काडी. कातडे सैल पडले की शेकोटीवर धरून तापवतात. टिपरू मध्यावर पडले की घुमार येतो, काडी कडेला पडली की चटका येतो. हलगीला सप्तक नाही, मींड नाही. तरी एकच हलगी वरातीत वाजते, जत्रेत वाजते, कुस्तीच्या फडात वाजते, दवंडीला वाजते आणि मयतालाही वाजते. प्रत्येक ठिकाणचा ठेका, लय आणि मधली मोकळी जागा निराळी. फडात जोड भिडते तशी लय चढत जाते आणि पाहणाऱ्याच्या अंगात नकळत हिसका बसतो. ताल पुढे काय करणार याचा आपले शरीर सतत अंदाज बांधत असते; अंदाज खरा ठरला की सुख, थोडा लांबणीवर पडला की ताण. लेनर्ड मायर या अभ्यासकाने १९५६ साली संगीतातल्या भावनेचे मूळ या अपेक्षेच्या खेळातच शोधले. हलगीवाल्याला हे पुस्तकातून कळलेले नसते. समेच्या अलीकडे टिपरू क्षणभर वर धरून ठेवले की गर्दीचा श्वास थांबतो, हे त्याला हातातून ठाऊक असते.

पण वाजवणारा कोण? गावगाड्यात हे काम बहुतांश मातंगांकडे, काही भागांत महारांकडे होते. वरात दुसऱ्याची, मांडव दुसऱ्याचा. गर्दीला नाचवणारा ठेका ज्याच्या हातातून निघत होता तो त्या मांडवात जेवायला बसू शकत नव्हता. त्या ठेक्यात कोणती भावना ‘व्यक्त’ होत होती? नवरदेवाच्या मित्रांना विचारले तर आनंद. वाजवणाऱ्याला विचारण्याचा प्रघात नव्हता. संगीत म्हणजे कलावंताच्या अंतःकरणाचा उद्गार, ही व्याख्या येथे निरुपयोगी ठरते. कारण येथे कलावंताने दुसऱ्याची भावना बलुत्यावर तयार करून द्यायची होती. त्या कामात त्याची स्वतःची भावना एवढीच, की हात सफाईदार चालला पाहिजे. आणि तो अभिमानही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. ठेका आपला असतो, मान मात्र आपला नसतो.

म्हणूनच हीन मानली गेलेली गावकीची कामे सोडण्याच्या लढ्यात वाजवायला नकार देणे हेही एक पाऊल ठरले. तमिळनाडूत परई हे अशाच जातीचे चर्मवाद्य. परैयर या जातीचे नावच त्याच्याशी जोडले जाते. सवर्णांच्या मयताला परई वाजवण्यास तेथील दलितांनी नकार दिला, त्यासाठी मार खाल्ला, आणि गेल्या काही दशकांत तेच वाद्य त्यांच्या चळवळीने सभा-मोर्च्यांच्या अग्रभागी आणले. कातडे तेच, घुमार तोच. ऐकणाऱ्याला त्यात मरण ऐकू येत होते, आता आव्हान ऐकू येते. महाराष्ट्रात हलगीचाही असा प्रवास काही प्रमाणात झाला आहे, जरी वाद्य सोडायचे की वाजवायचे हा वाद आपल्या घराघरांत अजून पुरता मिटलेला नाही. तो मिटू नये असेही कधी कधी वाटते. दोन्ही बाजूंना अनुभव आहे.

याच्या अगदी उलट टोकाला जात्यावरची ओवी आहे. तिला श्रोता नाही. पहाटेच्या अंधारात खुंट्याला हात घातलेल्या एक-दोन बायका, आणि जात्याच्या फेऱ्याने ठरवून दिलेली लय. सूर चार-पाच स्वरांच्या पलीकडे जात नाही. श्वास ओढण्याच्या जोरावर तुटतो आणि पुन्हा सांधला जातो. भावना ‘पोहोचवण्याचा’ येथे प्रश्नच नाही, ती सोसण्याचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, सासर, भाऊ, लेक यांच्या जोडीने त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ज्या सुरात बाई भावाची वाट पाहत होती त्याच सुरात तिने बाबासाहेबांना भाऊ केले. नवीन चाल बांधावी लागली नाही. नाते मात्र नवे जोडले गेले, आणि त्या जुन्या सुराला कारण मिळाले.

हेच काम जलसाकारांनी आणि शाहिरांनी जाणीवपूर्वक केले. सत्यशोधकी जलशाने वाट पाडली होती; १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या नाशिककडच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा सांगाडा लोकांच्या कानात बसलेला होता, तो त्यांनी घेतला आणि आतला ऐवज बदलला. आपल्या दहा सभांच्या बरोबरीला बाबासाहेबांनी कर्डकांचा एक जलसा ठेवला होता, असे सांगितले जाते. यामागचे कारण केवळ ‘लोकांना गाणी आवडतात’ एवढे उथळ नाही. सभेत विचार कानाने ऐकला जातो. जलशात शाहीर कडव्याची शेवटची ओळ सोडतो आणि मागचे सुरत्ये ‘जी जी’ करीत ती उचलून लांबवतात. विधान एकाचे असते, होकार अनेकांचा असतो, आणि तो होकार प्रत्यक्ष ऐकू येतो. समोर बसलेला माणूस मनातल्या मनात त्या सुरत्यांत उभा राहतो. शाहिराचा उंच, ताणलेला गळा हे आपण वीररसाचे लक्षण मानतो. त्याचा जन्म मात्र ध्वनिक्षेपक नसलेल्या उघड्या मैदानात, डफ आणि ढोलकीच्या वर आवाज काढण्याच्या गरजेतून झाला असावा. पुढे ध्वनिक्षेपक आला तरी तो ताण राहिला, कारण तोवर तो ताणच अर्थ झाला होता.

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड या दृष्टीने पुन्हा ऐकावी. गावी राहिलेल्या बायकोसाठी मुंबईतल्या कामगाराच्या जिवाची होणारी काहिली, हा तिचा पाया. पोटासाठी शहरात आलेल्या माणसाला ती काहिली शिकवावी लागत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अण्णा भाऊंनी त्याच विरहाला सीमाभागाच्या ताटातुटीचा अर्थ जोडला. काव्यशास्त्रात ज्याला विप्रलंभ शृंगार म्हणतात तो येथे ‘साधारण’ होऊन कोणाचाच नाही असा झाला नाही. उलट तो अधिक विशिष्ट झाला, त्याला ठिकाण मिळाले, मागणी मिळाली. साधारणीकरणाच्या नेमकी उलटी ही क्रिया आहे. तिला आपल्या समीक्षेत अजून नाव नाही.

आणि वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ साली जन्मलेला, शाळा न मिळालेला आणि मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकलेला हा कवी २००४ पर्यंत गावोगाव गात राहिला. त्यांची सुरुवात चित्रपटगीताच्या विडंबनाने झाली. अनेक शाहिरांनी लोकप्रिय चाली उचलल्या म्हणून काही अभिजनांनी नाके मुरडली. हान्स्लिक असता तर त्याने टाळी दिली असती : प्रेमाच्या गाण्याची चाल, शब्द बदलले, भावना बदलली! पण येथे एक गोष्ट हान्स्लिकच्या हिशेबाबाहेरची घडते. चाल रिकामी येत नाही. तिच्याबरोबर चित्रपटगृहाचे, रेडिओचे, तरुणपणाचे सुख येते, आणि ते सुख भीमाच्या नावाला लागते. ज्यांच्या वाट्याला गोड सूर केवळ दुसऱ्यांच्या प्रेमाचा ऐकायला आला, त्यांनी तो आपल्या माणसासाठी वापरला. याला उसनवारी म्हणायचे की ताबा?

प्रल्हाद शिंदे यांचा धारदार, वर चढत जाणारा गळा तर विठ्ठलाच्या गाण्यांत घराघरांत वाजला आणि भीमगीतांतही वाजला. भक्त ऐकतो तेव्हा त्या आवाजात देवळाची पायरी असते. वस्तीत तोच आवाज दीक्षाभूमी आठवून देतो. गळ्याच्या कंपनांत फरक शोधणाऱ्याला तो सापडणार नाही.

आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भिंतीएवढे ध्वनिक्षेपक असतात. त्यांवर टीका करणे सोपे आहे, आणि ती टीका करणाऱ्यांत असेही पुष्कळ असतात की ज्यांना इतर उत्सवांतला तोच आवाज खटकत नाही. ज्या रस्त्यावरून मान खाली घालून जावे लागले, तेथे छाती हादरवणारा आवाज लावणे हीसुद्धा एक भावना आहे, आणि ती खरी आहे. तक्रार असेल तर वेगळी. त्या आवाजात ठोका पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत, आणि सुरत्याला जागा उरत नाही. शरीर उसळते, कशासाठी, हे पुन्हा बाहेरून कोणीतरी सांगायचे राहते. सूर आणि कारण यांची जी गाठ जलसाकारांनी दोन पिढ्या खपून मारली होती ती येथे सुटताना दिसते, आणि सुटलेला सूर कोणीही उचलून नेतो.

कार्यकर्त्यांसाठी आणि शिक्षकांसाठी एक काम येथे पडून आहे. जुन्या भीमगीतांच्या छोट्या पुस्तिका अजून काही घरांत ट्रंकेत सापडतात. प्रत्येक गाण्याच्या वर ‘चाल’ म्हणून एखाद्या चित्रपटगीताचे किंवा लावणीचे नाव छापलेले असते, खाली शब्द. संपादक मंडळी हे शब्द गोळा करून ग्रंथ काढतात आणि चालीची ओळ बहुधा गाळतात, कारण ती त्यांना कमीपणाची वाटते. ती गाळू नये. त्या ओळीवाचून गाण्याची अर्धी भावना कायमची मुकी होते. शिवाय काही चाली नुसत्या नावाने उरल्या आहेत. त्या म्हणून दाखवणारी माणसे सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत. त्यांच्याकडे जाताना आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे. गाणे टिपताना ते प्रथम कोठे ऐकले, कोण गात होते, मागे झील कोण धरीत होते आणि त्या वेळी समोर कोण बसले होते, एवढे चार प्रश्न विचारावेत.